श्वासाकडे लक्ष दिलं की बाबांची घरघर ऐकू येते

अगं, तुझं पत्र काल रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं. फेब्रुवारीत पहाटे सव्वातीनला बाबा घरातच कोसळले, अँब्युलन्स येईपर्यंत वीस मिनिटं तू एकटी त्यांची छाती दाबत राहिलीस, आणि सात महिने झाले तरी रोज त्याच वेळेला जाग येते. मैत्रिणीने सांगितलं म्हणून ॲपवर ध्यान सुरू केलंस, तर डोळे मिटून श्वास बघायला लागलं की बाबांची घरघर ऐकू येते, हातपाय थरथरतात. आणि वर लिहितेस, "ताई, मला साधं ध्यानसुद्धा जमत नाही."

हे आधी डोक्यातून काढ. जिने वडिलांचा शेवटचा श्वास इतक्या जवळून ऐकलाय तिला श्वासच बघ म्हटलं तर त्रास होणारच ना, त्यात तुझं काय चुकलं? म्हणून तू विचारतेस ते इगतपुरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर सध्या नको. विपश्यनेबद्दल मला आदर आहे, पण तिथे पहिले तीन दिवस श्वासच बघायचा असतो, रोज दहा-एक तास बसायचं, बोलायचं कुणाशी नाही. फॉर्ममध्ये मानसिक त्रासाबद्दल विचारतात ते उगाच नाही.

तू डोळे उघडे ठेव. सकाळी पाणी भरताना तांब्या नळाखाली धर, भरत आला की आवाज कसा चढत जातो ते ऐक, बोटांना गार लागतं तिकडे लक्ष दे, बास. अर्धा मिनिट झालं तरी खूप झालं. रात्री जाग आली तर उठून बस, पाय फरशीवर टेकव आणि समोर दिसेल त्याची नावं घे, पंखा, कॅलेंडर, बाटली, मोबाईल मात्र हातात घेऊ नकोस. आणि दुपारी पडलीस की काकू "स्वतःला गुंतवून ठेव" म्हणतात, म्हणू देत, सात महिने रात्रीची झोप मोडतेय तुझी, अर्धा तास खुशाल पड, फक्त संध्याकाळकडे नको.

"मी नीट दाबलं असतं तर..." हे तू तीनदा लिहिलंयस. हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलं तर सीपीआर, म्हणजे तू केलंस तसं छाती दाबणं, नीट देऊनही बहुतेक माणसं वाचत नाहीत गं. शिकलेली माणसंसुद्धा दर दोन मिनिटांनी हात बदलतात, इतका दम लागतो त्यात, आणि तू एकटीने वीस मिनिटं केलंस.

पण ही थरथर, रोजची ती वेळ, यासाठी माणूस हवा, ॲप पुरणार नाही. ट्रॉमावर, म्हणजे मनावर बसलेल्या अशा धक्क्यावर, काम करणारा थेरपिस्ट शोध, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन त्या आठवणीवर काम करतात) किंवा ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून काम करतात) करतात का विचार, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या पद्धती आहेत. तोवर पहाटे फारच असह्य झालं, जगणंच नको वाटलं, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि हॉलमधली बाबांची कॉट कधी हलवायची ते तू आणि आई ठरवा, काकांना म्हणावं आम्ही सांगू तेव्हा या.