फुग्याला बांधलेली दुर्बीण

प्रश्न : आमच्या बेदाण्याच्या शेडवरूनही सूर्य लख्ख दिसतो. मग त्याचा अवरक्त प्रकाश पाहायला दुर्बीण फुग्याला बांधून वर कशाला न्यायची?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : तुम्हाला दिसतो तो दृश्य प्रकाश. अवरक्ताचा, म्हणजे तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा बराचसा भाग हवेतली वाफ वाटेतच गिळते. बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको! आभाळ भरून आलं की रात्री थंडी पडत नाही. जमिनीची अवरक्त उष्णता वाफ आणि ढग अडवतात, तशी वाफ वरून येणारीही अडवते. आमचा अजिंक्यतारा सोडाच, महाबळेश्वरावरूनही हे चुकत नाही. हेलियमचा फुगा मात्र ३५ किलोमीटरच्या वर जातो, ९९ टक्के हवा खाली राहते.

जुलै २०२४मध्ये ‘सनराइज’ ही १ मीटर आरशाची दुर्बीण स्वीडनमधल्या किरुनाजवळून उडाली आणि सहा दिवसांनी कॅनडात उतरली. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, म्हणून तो मुहूर्त. तिच्यावरचं एक जपानी उपकरण जवळच्या अवरक्तात (दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या भागात) सूर्याचं चुंबकीय क्षेत्र मोजत होतं. खरं तर ते तरंग जमिनीवरही पोचतात. पण दुपारी तुमच्या शेडच्या पत्र्यावर हवा लहरते ना, तशी थरथर तिथं वर नसते.