२००५ची माझदा आरएक्स-८ सेकंडहँड घ्यावी का? इंजिन टिकतं का?
वळणावर गाडी लाजवाब, पण इंजिन लाडावलेलं. पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, म्हणून याला रोटरी इंजिन म्हणतात. त्याच्या टोकांवरची सीलं झिजली की कॉम्प्रेशन (आत हवा-पेट्रोल दाबलं जाण्याचा जोर) पडतं आणि तापलेली गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू व्हायला रडते. मालकांची मुख्य तक्रार हीच. अमेरिकेत माझदाने २००४ ते २००८च्या गाड्यांची इंजिन-वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती, यावरून काय ते ओळखा.

म्हणून तापलेल्या इंजिनवरच स्टार्ट मारून बघा. रोटरीच्या खास टेस्टरने कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. ऑइल थोडं जळणारच, ती रचनाच तशी. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघत राहायची. आणि थंड गाडी पार्किंगमध्ये जरा हलवून लगेच बंद करायची नाही, प्लग पेट्रोलने भिजतात. रोज ऑफिसला न्यायला मी तरी घेणार नाही.