'नपुंसक' शब्दाचा मूळ अर्थ काय? तो हिणवण्यासाठी कसा वापरला जाऊ लागला?

मूळ अर्थ 'स्त्रीही नाही, पुरुषही नाही' एवढाच. पाणिनीच्या सूत्रांवरच्या काशिकावृत्तीत फोड अशी आहे: न स्त्री न पुमान् नपुंसकम्. त्यात कुणाला कमी लेखणं नाही.

शब्दाची घडण मात्र वेगळी आहे. संस्कृतात नकाराचा 'न' समासात व्यंजनाआधी 'अ' होतो, जसं अधर्म, अज्ञान. त्या हिशेबाने 'अपुंसक' व्हायला हवं होतं. पण काही शब्दांत 'न' कायम राहतो असं पाणिनीने सांगितलं आहे (६.३.७५), आणि त्या यादीत नकुल, नख, नक्षत्र यांच्याबरोबर नपुंसकही आहे.

पाणिनीच्या सूत्रांवरच्याच पतंजलीच्या महाभाष्यात शरीरावरून लिंग ठरवणारी एक कारिका, म्हणजे श्लोक, येते. तिच्यात नपुंसक म्हणजे 'उभयोरन्तरं', दोघांच्या मधलं. पण लगेच आक्षेपही येतो: मग खट्वा (खाट) स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी कसा? शब्दाचं लिंग शरीरावरून ठरत नाही, हे तेव्हाच ओळखलेलं होतं. पत्नीसाठीचेच शब्द पाहा: भार्या स्त्रीलिंगी, दार पुल्लिंगी, कलत्र नपुंसकलिंगी!

हिणवणं आलं ते माणसांना हा शब्द लावण्यातून. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, नपुंसकाच्या पर्यायांत षण्ढ, क्लीब आणि तृतीयाप्रकृति एकत्रच येतात. गीतेत अर्जुनाला 'क्लैब्यं मा स्म गमः' (क्लीबपणा पत्करू नकोस) असं बजावलं जातं, म्हणजे क्लीबपणाला भित्रेपणाचा अर्थ तेव्हाच चिकटलेला होता. शिवाय 'नपुंसक' शब्दात 'पुंस्', म्हणजे पुरुष, आहे, स्त्री नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला 'पुरुष नसलेला' एवढंच ऐकू येतं, असं मला वाटतं.

व्याकरणातलं नपुंसकलिंग मात्र मराठीने जपलं. हिंदीत ते उरलं नाही. आणि आपल्याकडे त्याचा उपयोग किती प्रेमाने होतो! मूल, बाळ, लेकरू, वासरू, कोकरू. एवढंच नाही: दोन पुरुष आले तर 'दोघे', दोन बायका आल्या तर 'दोघी', पण नवरा-बायको आली तर 'दोघं'. हे 'दोघं' नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. नाव 'दोन्ही नाही' असं सांगतं, पण मराठी ते दोन्ही मिळून असलेल्यांना वापरते. मला या शब्दाची सगळ्यात आवडती गोष्ट हीच वाटते.

माणसाबद्दल लिहायचं असेल तर 'नपुंसक'ऐवजी तृतीयपंथी किंवा आंतरलिंगी, जे लागू असेल आणि ती व्यक्ती स्वतःसाठी जे वापरते, ते लिहा. लैंगिक आजाराबद्दल बोलायचं असेल तर थेट आजाराचं नाव घ्या.