पुढच्या पिढीचा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) आला की गेमर लगेच तो घेतील का? मी पीएस४ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ वरच थांबू का?

लगेच नाही. पण घेतील, आणि बहुतेक जण कुरकुरत घेतील.

तुम्ही लिहिलंय की २०१६ साली घेतलेला पीएस४ अजून नीट चालतो, फक्त जड गेम लावला की पंखा मिक्सरसारखा ओरडतो. आणि मित्र म्हणतायत, आता कुठे पीएस५ घेतोस, पुढचा येईल तेव्हा घे. मी पीएस२ पासून या नादात आहे. दोनदा मशीन बदललं आणि दोन्ही वेळा वरातीमागून घोडं. तेव्हा उशीर करण्यातला अनुभव माझ्याकडे भरपूर आहे.

नवा डबा किती ताकदवान आहे, हे मी हल्ली बघतच नाही. जुन्या डब्यावर गेम यायचे कधी थांबतात, ते बघतो.

आमच्या कॉलनीबाहेर एक गेम पार्लर होतं. दोन टीव्ही, दोन पीएस२, तासाला पंधरा रुपये. रिमोटच्या (कंट्रोलर हा शब्द आम्हाला फार नंतर कळला) स्टिकवरचं रबर पार सोललेलं. ग्रँड थेफ्ट ऑटो (जीटीए) मालिकेतला सॅन अँड्रियास, कुस्ती आणि ईए कंपनीचं क्रिकेट, यावर त्या माणसाचं घर चालायचं. २००६ च्या नोव्हेंबरात पीएस३ निघाला, अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला. पार्लरवाल्याने तो शेवटपर्यंत घेतला नाही. का घेईल? चिप मारलेल्या पीएस२ वर पन्नास रुपयांची कॉपी मारलेली डीव्हीडी चालायची, आणि पीएस३ ची अस्सल डिस्क अडीच हजारांच्या घरात. चोरीचा माल होता, त्याचं समर्थन करत नाही, पण आपल्याकडे पीएस२ इतकी वर्षं का टिकला ते त्याशिवाय कळणार नाही.

बरं, जिथे सगळे अस्सल डिस्क घेत होते तिथेही तो टिकलाच. फिफा १४ पीएस२ वर निघाला होता. म्हणजे २०१३ साली, ज्या वर्षी पीएस४ आला त्याच वर्षी, २००० सालच्या मशीनसाठी नवा फुटबॉलचा गेम बाजारात होता. पीएस२ पंधरा कोटींच्या वर विकला गेला आणि पीएस३ पावणेनऊ कोटींच्या आसपास थांबला. मधले सगळे काही पीएस२ ला कवटाळून बसले नव्हते, बरेच जण मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कडे आणि निन्टेन्डोच्या वीकडे गेले. पण एका कंपनीच्या मशीनवर वाढलेला माणूस त्याच कंपनीचं पुढचं मशीन घेतो, हे गृहीत धरण्यात अर्थ नाही एवढं तर त्यातून दिसतंच.

आता तुमच्या मुद्द्यावर. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिस्कवाला ४९,९९०, डिजिटल (डिस्क घालायची सोय नसलेला) ३९,९९०. आला म्हणजे नावाला आला, मिळत कुणालाच नव्हता. जगभर चिपांचा तुटवडा होता. एका दुकानदाराने मला सांगितलं, नुसता नाही मिळणार, बरोबर तीन गेम आणि एक जादा कंट्रोलर घ्यावा लागेल. गेम कुठले, तर त्याच्याकडे पडून असलेले. मी 'विचार करून सांगतो' म्हणालो, आणि तो विचार पुढे अडीच वर्षं चालला.

त्या अडीच वर्षांत माझं काय अडलं? जवळजवळ काही नाही. होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिझ्मो ७, गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक, हे २०२२ चे सोनीचे मोठे गेम पीएस४ वरही आले. रॅग्नरॉक मी जुन्यावरच संपवला. देवांच्या मारामारीत पंख्याचाच आवाज मोठा होता, पण संपवला. असे करोडो लोक होते. मे २०२४ मध्ये सोनीनेच सांगितलं होतं की महिन्याला खेळणाऱ्यांत पीएस४ वाले आणि पीएस५ वाले साधारण निम्मे-निम्मे आहेत. पीएस५ बाजारात येऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती! पीएस५ काही कमी खपलेला नाही, २०२५ च्या मध्यापर्यंत तो आठ कोटींच्या वर गेला होता. तरी जुना डबा लोकांनी टाकला नव्हता.

धोक्याची पाटी मात्र आधीच लागली होती. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये पीएस४ वर आला आणि इतका वाईट चालला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढून टाकला. पुढच्या जूनमध्ये परत आला खरा, पण २०२३ मधली त्याची पुरवणी पीएस४ वर आलीच नाही. त्याच वर्षीचा स्पायडर-मॅन २ सुद्धा कन्सोलमध्ये फक्त पीएस५ वर.

मला ढकललं ते मात्र यातल्या कशानेच नाही. मला ढकललं फिफाने. आम्ही चौघं मित्र, दोघं पुण्यात, एक नाशिकला, एक दुबईत. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की ऑनलाइन फुटबॉल, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. आधी दुबईवाल्याने पीएस५ घेतला, मग नाशिककराने. फिफा २३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या कन्सोलवरून एकत्र खेळायची सोय आली म्हणून आम्ही खूश झालो, तर ती सोय एकाच पिढीपुरती निघाली. पीएस४ वाला त्याच पिढीच्या एक्सबॉक्स वनवाल्याशी खेळू शकतो, पीएस५ वाल्याशी नाही. म्हणजे अनोळखी एक्सबॉक्सवाला चालतो, पण वीस वर्षांचा मित्र चालत नाही. ते दोघं काही दिवस आमच्यासाठी पीएस४ ची आवृत्ती लावून खेळले. मग कंटाळले, त्यांचंही बरोबर होतं. पुण्यातल्या दुसऱ्यानेही दिवाळीत ईएमआयवर पीएस५ उचलला आणि शुक्रवारी मी एकटा उरलो. मुकाट्याने घेतला.

ग्राफिक्स बघून घेतलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि त्याचा टीव्ही घराच्या हप्त्यापेक्षा महाग आहे.

थांबलं की स्वस्त मिळतं, हा आपला जुना हिशोबही आता चालत नाही. पीएस२ अमेरिकेत २९९ डॉलरला निघाला, दोन वर्षांत १९९ वर आला आणि २००९ मध्ये ९९ वर. पीएस५ उलटा चढला. आपल्याकडे डिस्कवाला २०२२ च्या अखेरीस ५४,९९० झाला, अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नास डॉलर वाढले. एक्सबॉक्सनेही तेच केलं. म्हणून 'पुढचा येईल तेव्हा हा स्वस्त होईल' यावर विसंबू नका. पुढचा तर मुळातच महाग असणार असं मला वाटतं.

पुढच्या पिढीला लोक काय करतील? जाहिरात नीट झाली नाही तर असलेलं गिऱ्हाईकही हातचं जातं, हे निन्टेन्डोने भोगलंय. दहा कोटींवर वी विकल्यावर त्यांनी वी यू आणला, आणि पुष्कळांना तो जुन्या वीला जोडायचा काहीतरी स्क्रीन वाटला. विकला गेला दीड कोटीपेक्षा कमी. पुढे त्यांच्या स्विच या कन्सोलच्या नव्या पिढीला सरळ '२' लावलं, जुने बहुतेक गेम चालू ठेवले, तर जून २०२५ मध्ये चार दिवसांत पस्तीस लाख गेले. जुने गेम नव्यावर चालत असतील तर माणूस निश्चिंत मनाने बदलतो. पण नवे गेम जुन्यावरही येत असतील तर बदलतच नाही. पुढच्या खेपेला हे दोन्ही होणार, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वर्षं हौशी आणि पैसेवाले सोडून बाकीचे जागचे हलणार नाहीत, असा माझा अंदाज.

तुम्ही मात्र पुढच्याची वाट बघू नका, कारण तुमच्या डब्यावरचं दुकान बंद होत आलंय. जीटीए ६ फक्त पीएस५ आणि त्याच पिढीच्या एक्सबॉक्स सीरिजवर जाहीर झालाय, दोनदा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली आहे. जीटीए ५ पीएस३ वर निघून पीएस४ आणि पीएस५ वरही आला, तीन पिढ्या एकाच गेमने काढल्या. सहावा तुमच्या मशीनला ती सवलत देणार नाही. तो खेळायचा असेल तर तारखेच्या दोन महिने आधीच घ्या. ऐन वेळी परत बरोबर पडून असलेले गेम गळ्यात मारणारे दुकानदार भेटतील. आणि फक्त क्रिकेट-फुटबॉल खेळत असाल, मित्रही पीएस४ वरच असतील, तर अजून एक वर्ष सहज निघेल.

घ्याल तेव्हा डिस्कवालाच घ्या. पीएस४ च्या डिस्क डिजिटलवर वेगळी डिस्क ड्राइव्ह जोडल्याशिवाय चालत नाहीत, आणि तुमच्याकडे इतक्या वर्षांच्या साठलेल्या असणार. जुना कंट्रोलर पीएस५ वर फक्त पीएस४ चे गेम खेळायला चालतो. जुना पीएस४ विकायच्या आधी सेव्ह (गेम कुठवर खेळला त्याची नोंद) नव्यावर घेतले का ते बघा, माझ्या मित्राने आधी विकला आणि मग आठवलं. तोपर्यंत कुणाकडून तरी उघडून आतली धूळ काढून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर काढायला लावतात ती) बदलून घ्या, पंखा बराच गप्प होईल.

माझा पीएस४ मी तसाच साफ करून कोल्हापूरला भाच्याला दिला. तो दिवसभर क्रिकेट २४ खेळतो. मे महिन्यात आला होता तेव्हा माझ्या पीएस५ वर लावून दिलं. दोन ओव्हर खेळला आणि म्हणाला, "मामा, हे तेच आहे की."