लहान घरात जागेचा पुरेपूर वापर करण्यासाठी इंटिरियर कसं करावं?

प्रश्नात तुम्ही दिलेली मापं अशी आहेत: हॉल १० बाय १४ फूट, बेडरूम १० बाय १०, स्वयंपाकघर ६ बाय ८ आणि राहणारी माणसं चार. ह्याच मापांवर उत्तर देते, म्हणजे उगाच हवेत बोलणं होणार नाही.

लहान घराचा आराखडा फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. सामान बंद असताना मोजलेलं असतं. कपाट २४ इंच खोल आहे, मावेल; पलंग ६० इंच रुंद आहे, मावेल. पण कपाटाचं दार उघडलं की आणखी १८-२० इंच लागतात, ड्रॉवर ओढला की २०-२२, खुर्ची मागे सरकवून उठायचं तर टेबलाच्या कडेपासून ३०. म्हणून प्रत्येक वस्तूचं उघडल्यावरचं माप धरा आणि तेच जमिनीवर उतरवा. मास्किंग टेप घ्या, पलंगाची, कपाटाची, सोफ्याची बाह्यरेषा फरशीवर चिकटवा, दारं उघडतात ती जागा तुटक रेषेने दाखवा आणि दोन दिवस त्या रेषा न ओलांडता घरात वावरा. कुठे अंग चोरावं लागतं ते पहिल्याच संध्याकाळी कळतं. नुसतं जाण्यायेण्याच्या वाटेला ३० इंच ठेवा, अगदीच नाइलाज असेल तर २४. त्याखाली माणूस आडवा होऊन चालतो.

आता तुमची बेडरूम घ्या. १० फूट म्हणजे १२० इंच. एका भिंतीला २४ इंच खोल कपाट आणि शेजारच्या भिंतीला डोकं करून ६२ इंच रुंद पलंग (गादी ६०, चौकटीचे दोन). १२० मधून २४ आणि ६२ गेले की उरले ३४. सवयीने पलंग मधोमध ठेवला जातो आणि त्या ३४ इंचांच्या १७-१७ इंचांच्या दोन फटी होतात. एकीतून कपाट धड उघडत नाही, दुसरीत फक्त धूळ साचते. त्याऐवजी पलंग समोरच्या भिंतीला टेकवा. सगळे ३४ इंच कपाटाच्या बाजूला येतात आणि तिथे उभं राहून कपडे काढता येतात. आत झोपणाऱ्याला पायथ्याकडून उतरावं लागेल, हे खरं. पलंगाची लांबी ८० धरली तर पायथ्याशी ४० इंच राहतात, तेवढे त्याला पुरतात. खोलीचं दार मात्र त्याच पट्ट्यात उघडत असेल तर आधी ते तपासा.

कपाटाला सरकती दारं घ्या, असं लहान खोलीसाठी सगळेच सांगतात. मी सरसकट सांगणार नाही. दोन दारं एकामागे एक सरकतात म्हणून रुळांमध्ये कपाटाची ३ ते ४ इंच खोली जाते. हँगर साधारण १७-१८ इंच रुंद असतो आणि त्याला आत २१-२२ इंच मोकळे लागतात, म्हणजे सरकत्या दारांचं कपाट बाहेरून २६ इंचांच्या आसपास जातं. शिवाय एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. समोर ३० इंच किंवा जास्त जागा असेल तर १५-१६ इंचांची अरुंद, बिजागरीची दारं बरी. जागा २४ इंचांच्या आसपास असेल तर सरकती घ्या.

पलंगाखालच्या जागेला दोन पर्याय आहेत, बाजूचे ड्रॉवर किंवा वर उचलायचा हायड्रॉलिक. रोजचं सामान असेल तर ड्रॉवर, कारण गादीसकट झाकण रोज कोणी उचलत नाही. हायड्रॉलिकमधले पंप झाकण आणि गादीच्या एकूण वजनावर निवडलेले असतात. पुढे गादी हलकी घेतली तर झाकण नीट बसत नाही, जड घेतली तर वर टिकत नाही आणि हातावर येऊ शकतं. म्हणून आधी गादी ठरवा, मग पंप. पलंगाच्या खोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना इंचभराची भोकं पाडून घ्या, नाहीतर आतल्या कपड्यांना कोंदट वास धरतो. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर तिथेही मागे अर्धा-पाऊण इंच फट सोडा. ओल आली की बुरशी आधी कपाटाच्या पाठीवर चढते आणि कपडे खराब झाल्यावरच लक्षात येते.

स्वयंपाकघरात ओट्याखाली दारांऐवजी ड्रॉवर करा, कारण २२ इंच खोल कप्प्याचा मागचा अर्धा भाग वाकून, हात घालूनही नीट वापरात येत नाही. पण ड्रॉवर किती करायचे ह्यात गंमत आहे. ड्रॉवर ज्यात बसतो ते १८ इंच रुंद खोकं म्हणजे ४५७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचा १८ मिमी प्लाय वजा केला की आत ४२१. टेलिस्कोपिक चॅनलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) प्रत्येक बाजूला साधारण १३ मिमी लागतात, म्हणून ड्रॉवर बाहेरून ३९५. त्याच्या १२ मिमीच्या भिंती गेल्या की सामानाला ३७१. असे दोन शेजारी ठेवले तर ७४२. तेच ३६ इंचांचं एक खोकं केलं तर सामानाला ८२८ मिळतात. सव्वातीन इंचांहून जास्त रुंदी नुसती कमी तुकडे केल्याने सुटते. रुंद ड्रॉवरला वजन जास्त येतं, तेव्हा चॅनलची क्षमता विचारून घ्या आणि तळाला पातळ पत्रा किंवा ६ मिमी प्लाय नको, ९ ते १२ मिमी हवा. आणि ते १३ मिमी सुताराने अंदाजाने सोडलेले चालत नाहीत. ड्रॉवर दोन मिमी रुंद झाला तर चॅनल घासत चालतो, अरुंद झाला तर खडखडतो आणि वजनाने एका बाजूला उतरतो. चॅनल आधी घरात आणा, मग लाकूड कापा.

ओट्यावरची कपाटं १२ ते १४ इंचांहून खोल नकोत, डोकं आपटतं. ओटा आणि कपाट ह्यांत २० ते २४ इंच ठेवा.

हॉलमध्ये चार माणसांचं जेवणाचं टेबल कायमचं ठेवलं तर खोली संपली. भिंतीवर दुमडणारं टेबल करा, पण त्याचं गणित नीट बघा. टेबलाची उंची ३० इंच असते. फळी खाली पाडायची असेल तर ती २७-२८ इंचांहून जास्त बाहेर येऊ शकत नाही, नाहीतर दुमडताना फरशीला टेकते. म्हणून ती भिंतीला समांतर लांब करा, ४८ इंच लांब आणि २७ इंच बाहेर. माणशी २४ इंच धरले तर समोर दोघं आणि दोन टोकांना एकेक, झाले चार. मागे खुर्चीसाठी ३० इंच मिळवले तरी १२० इंच रुंदीतले ५७च गेले. मिटल्यावर भिंतीपासून जेमतेम ३-४ इंच.

असं टेबल निखळतं ते कुठे? वरच्या स्क्रूपाशी. १८ मिमी प्लायची एवढी फळीच साधारण १० किलोची होते. त्यात कोणी पुढच्या कडेवर कोपरं टेकून उठलं की फळीला भिंतीशी धरणाऱ्या ब्रॅकेटची उभी पट्टी ९ इंचांची असल्यास वरच्या स्क्रूला त्या भाराच्या जवळजवळ तिप्पट ओढ बसते. गिलाव्यात अडकलेला प्लास्टिकचा प्लग ती सोसत नाही. गिलाव्याची जाडी सोडून पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान दोन इंच अँकर (भिंतीत घट्ट धरून बसणारा बोल्ट) जायला हवा. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर त्यासाठीचे खास अँकर घ्या. जिप्समच्या पार्टिशनवर हे टेबल करूच नका. काहीही असो, पुढच्या कडेला एक दुमडणारा पाय लावून घ्या. दिसायला थोडा आडवा येतो, पण भार जमिनीवर उतरतो.

सोफा एल आकाराचा नको. कोपऱ्यातली जागा मोजायला एका माणसाची असते, पण दोन्हीकडच्यांच्या गुडघ्यांमुळे तिथे कोणी बसत नाही. सरळ, ३० ते ३२ इंच खोल, ५-६ इंच उंच पायांचा सोफा घ्या. खाली फरशी दिसत राहिली की खोली मोकळी वाटते आणि केर काढता येतो. सोफा-कम-बेड घ्यायचा असेल तर तो उघडल्यावर समोरचं टेबल कुठे जाणार, ते आधी ठरवा.

फळ्यांबद्दल एक महत्त्वाचं. १८ मिमी प्लायची फळी कपड्यांसाठी आधाराशिवाय ३६ इंचांपर्यंत ठीक, पुस्तकांसाठी ३० इंचांच्या आतच. पुस्तकांनी भरलेल्या फळीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट केला की बाक सोळापट होतो, म्हणून अर्धा फूट वाढवलेलाही महागात पडतो. मध्ये उभा आधार नको असेल तर पुढच्या कडेला खालून दीड इंचाची पट्टी ठोका, बराच फरक पडतो. पार्टिकल बोर्ड असेल तर गाळा आणखी कमी ठेवा.

माळ्याचा तळ जमिनीपासून ७ फुटांच्या वर आणि माळ्याची पुढून मागे खोली २४ इंचांपर्यंतच ठेवा. त्यापुढे हात पोचत नाही आणि मागे टाकलेलं सामान तिथेच राहतं. शिडी कुठे उभी राहणार तेही कागदावर दाखवा.

रंग आणि उजेड ह्यांवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, खरं तर तो भाग सोपा आहे. भिंती फिक्या, छत त्याहून फिकं, सगळ्या घरात एकच फरशी. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता छताखाली ४-६ इंचांवर आणि दोन्ही बाजूंना ६-८ इंच जास्त घ्या, म्हणजे पडदा सरकवल्यावर काच पूर्ण मोकळी राहते. मधोमध एकच दिवा असला की कोपरे काळे पडतात आणि खोली आक्रसते. दोन-तीन दिवे भिंतीवर उजेड पडेल असे लावा. आरसा खिडकीसमोर चालतो, पसाऱ्यासमोर नाही. छत ९ फुटांच्या आसपास असेल तर पूर्ण फॉल्स सीलिंग टाळा, त्यात ४ ते ६ इंच जातात.

विजेचे पॉइंट फर्निचरचा नकाशा पक्का झाल्यावरच काढा. उलटं केलं की प्लग पलंगाच्या डोक्यामागे जातो आणि एक्स्टेंशनची वायर त्याच ३४ इंचांच्या वाटेत आडवी येते.