जिमला जात नाही, म्हणजे मी आळशी का?

"मॅडम, मला कशातच सातत्य नाही. जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले आणि दोन आठवड्यांत सोडलं."

पुण्यात शिकायला आलेली मुलंमुली ही तक्रार वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे घेऊन येतात. ही मुलगी मराठवाड्यातली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून राहणारी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आई फोनवर विचारायची, "जिमला जातेस ना गं?" आणि ही "हो" म्हणायची. त्या खोट्याचं ओझं वाढत वाढत "माझ्याच्याने नेटची परीक्षाही होणार नाही" (नेट म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) इथपर्यंत पोहोचलं होतं. मला काळजी वाटली ती याची. जिम सुटली, यावरून तिने स्वतःच्या स्वभावाचाच निकाल लावून टाकला होता.

झोप, जेवण, पाळी, मनःस्थिती यांबद्दल आधी विचारलं. हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं होतं. शरीरच थकलेलं असेल तर जिद्दीच्या गोष्टी करून काय उपयोग? तिचा रिपोर्ट चांगला आला.

मग विचारलं, "जिममध्ये गेल्यावर नेमकं काय व्हायचं?" पहिल्याच दिवशी चारचौघांत तिचं वजन मोठ्याने सांगितलं गेलं होतं. संध्याकाळी सगळ्या मशीनवर मुलांचे घोळके असायचे. "मधे कशी घुसू?" म्हणून ही कोपऱ्यातल्या ट्रेडमिलवर चालत राहायची. रूममेट्सनी वेळ बदलली आणि हिचं जाणं थांबलं. यात आळस कुठे आहे, हे मला अजूनही दिसत नाही.

"दमून घामाघूम झालीस आणि तरी मजा आली, असं शेवटचं कधी झालं?" ती क्षणभर थांबली आणि मग बोलतच सुटली. शाळेत खो-खो खेळायची, तालुक्यापर्यंत गेली होती. खांबाजवळ सूर मारून गडी कसा टिपायचा, हे तिने मला हातवारे करून दाखवलं. तिला हवं होतं ते सगळं त्या बोलण्यातच होतं: मोकळं मैदान, आपल्या मैत्रिणी, जमणारा खेळ, आणि आपण नाही गेलो तर आपली वाट पाहणारं कुणीतरी.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेबद्दल हेच मांडलं आहे. गोष्ट आपण स्वतः निवडलेली असावी, ती आपल्याला जमते असं वाटावं आणि तिच्यात आपली माणसं असावीत, म्हणजे ती टिकते. तिच्या जिममध्ये या तिन्हींपैकी एकही नव्हतं.

मग आम्ही कागदावर हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावावी. सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची, ही जुनी अटही आता नाही. ही बसचे पैसे वाचवायला विभागापर्यंत झपझप चालत जायची, जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस. पाच दिवसांची २५० मिनिटं झाली. ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. उरली ती ताकद. त्यासाठी रूममेटबरोबर खोलीतच बैठका आणि भिंतीला टेकून जोर.

रविवारी सकाळी विभागातल्या मुली मैदानावर जमू लागल्या. खो-खोला नऊ-नऊ जणी जमत नाहीत, मग लंगडी खेळतात. गणपतीच्या आधी प्रयोगशाळेतली मैत्रीण तिला ढोल पथकाच्या सरावाला घेऊन गेली. कमरेला ढोल बांधून तासभर वाजवून बघा, म्हणजे खांदे आणि पोटऱ्या काय म्हणतात ते कळेल.

सगळ्यांना मात्र घोळका मानवत नाही. इंजिनिअरिंगचा एक मुलगा दिवसभर माणसांत राहून इतका शिणायचा, की त्याला रात्री एकट्याने धावणंच हवं होतं. एका मुलीच्या हॉस्टेलचं फाटक संध्याकाळी लवकर बंद व्हायचं, म्हणून ती खोलीचं दार लावून नाचायची. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रिया ५७ टक्के, तर पुरुष ४२ टक्के होते. मुलींसाठी फाटक लवकर लागतं, मैदान क्रिकेटवाल्यांनी अडवलेलं असतं, आणि वर मुलींनाच "जरा हातपाय हलवा" म्हणून सुनावलं जातं. याचा मला मनापासून राग येतो.

एक सांगायलाच हवं. आवडता खेळसुद्धा दोनेक आठवडे नकोसा वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, किंवा जेवल्याची शिक्षा म्हणून कुणी व्यायाम करत असेल, तर प्रश्न व्यायामाच्या निवडीचा नसतो. तेव्हा समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना लगेच भेटा.

तिने आईला खरं काय ते सांगितलं. आई पैशांवरून थोडी रागावली आणि मग विचारलं, "लंगडीत कोण जिंकलं?" आता परीक्षा जवळ आली आहे, रविवारचा खेळ बंद पडेल. तेवढे दिवस चालणं आणि खोलीतल्या बैठका एवढंच करायचं, आणि शेवटच्या पेपरनंतरच्या रविवारी मैदान गाठायचं, असं तिने स्वतःच ठरवलं आहे.