देवबागला मुक्काम: भरती बघून दिवस आखा

प्रश्न : डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागला घरगुती निवासात राहणार आहोत. सोबत लहान मुलं आणि आजी आहेत. कुठे, केव्हा जावं?

उत्तर : आधी तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराला. ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कर्ली नदीच्या संगमावर होडीने जरूर जा, पण तिथे पोहू नका. ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं आणि गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू सरकते. मुलांना डुंबायला तारकर्लीचा सरळ किनारा, तोही चढत्या भरतीत. डॉल्फिनसाठी सकाळी लवकर निघा. दुपारी वारा वाढतो, होडी हलते आणि उलट्या सुरू होतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवणच्या धक्क्यावरून सुटते. परतीची वेळ चढतानाच विचारून घ्या. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आणि शिवराजेश्वर मंदिर चुकवू नका. आजींना होडीत चढता-उतरताना हात द्यावा लागेल.

जेवणाचं यजमानांना सकाळीच सांगा, मासळी तेव्हाच घेतली जाते. सुरमईचाच हट्ट नको. ताजा बांगडा केव्हाही सरस.